छाट

उद्यमबागेत, दुसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली
आम्ही तिला आधीच नाव देऊन ठेवलं होतं:
वापरकर्ता.
भिंतीवर तिचं चित्र. चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर
वय चाळीस, शिक्षण सातवी,
हातात फोन, चेहऱ्यावर हसू.
हसू काढायला फार वेळ लागत नाही.

मग एका मंगळवारी निपाणी.
पत्र्याच्या शेडमध्ये तंबाखूचा खाट असा बसला
की पहिली वीस मिनिटं मी नुसता शिंकत होतो.
बायका हसल्या.
तेवढं मात्र चित्राबरहुकूम.

अक्काताई खोत. मांडीवर सूप.
भिजवलेलं पान, साचा, कात्री,
चिमूटभर जर्दा, वळी, दोरा, तोंड मुडपलं.
मी घड्याळ लावेपर्यंत तिसरी विडी सुपात.
दोन्ही हात गुंतलेले, दहाही बोटं ओली,
आणि आमच्या ॲपला हवा होता
एक कोरडा, रिकामा अंगठा.

"दाबा की," मी म्हणालो.
तिनं पदराला हात पुसला, दाबलं.
पडदा ढिम्म.
परत पुसला, परत दाबलं.
काचेवर तंबाखूचा डाग, त्याच्याखाली लिहिलेलं:
पुन्हा प्रयत्न करा.
"हे मलाच सांगालंय व्हय?" ती म्हणाली,
"आणि ह्येनं काय करायचं?"

त्याच्याही आधी एक पान होतं: भाषा निवडा.
तिथं ती अडली. शेजारच्या राबियाकडं बघितलं,
पलीकडच्या बाळव्वाकडं बघितलं.
मोजणी मराठीत. बाळव्वाशी कन्नड.
राबियाशी राबियाचं.
आणि चेकर तापला
की तिन्हींतलं जे पहिलं तोंडात येईल ते.
"एकच घ्यायची?"
विचारताना तिचा आवाज असा
की मी बाजारात खोट्या मापानं विकत बसलोय.

तिचा हिशेब चिंचोक्यांचा.
पंचवीस विड्यांचा कट्टा बांधला
की उजवीकडच्या डबीतला एक चिंचोका
डाव्या गुडघ्याखाली. न बघता. बोलणं न तोडता.
आमचे अकरा पडदे
आणि तिचा एक गुडघा.

संध्याकाळी चेकर आला.
ही ढिली, हिचं तोंड उघडं, ही आखूड.
बाजूला एक ढीग वाढत गेला, कुणी काही बोललं नाही.
मी वहीतला माझा प्रश्न वाचला:
ॲपमध्ये तुम्हाला काय हवंय?

"छाट कुठं लिवायची?"

मी पडदे उलटे चाळले, अकरापासून एकपर्यंत.
स्वीकारलेल्या होत्या. एकूण होत्या. तारीख होती.
"घेटल्याल्या तुमी लिवतासा.
टाकल्याल्या कोण लिवणार?
त्या बी पोत्यातच जात्यात की,"
असं म्हणून तिनं सूप झटकलं
आणि गुडघ्याखालचे चिंचोके डबीत परत भरले,
एकोणचाळीस.
चेकरच्या वहीत तेहतीस.

परतीच्या गाडीत, संकेश्वरच्या पुढं कुठंतरी,
मी अंगठा काढून टाकला.
गुडघ्यानं दाबायची रबरी गादी काढली कागदावर,
प्रत्येक कट्ट्याला एक बारकी टिक्.
भाषेचं पान फाडलं; बोलेल ती भाषा, तिन्ही मिसळून.
आणि खाली, एकूणच्या शेजारी,
तेवढ्याच जाड अक्षरात: छाट.

शुक्रवारी कारखान्याचं उत्तर आलं.
गादी छान. भाषेचं छान.
शेवटचा रकाना काढावा,
वापरकर्त्याची तशी मागणी नाही.

मी ते तीनदा वाचलं.
वापरकर्ता म्हणजे कोण, हे आम्ही
तीन महिन्यांत एकमेकांना विचारलंच नव्हतं.

रकाना अजून काढलेला नाही. काढायला सांगतील,
पगार तेच देतात.
पण दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा
भिंतीवरच्या बाईच्या मांडीवर
मी पेन्सिलीनं एक सूप काढलं,
आणि हातात पान, कात्री.
आता तिला फोन धरता येत नाही.

हसू खोडलं, नीट खोडलं गेलं नाही.
राहू दे तसंच.
इथून सुरुवात करू.